येरळेचे डोह आणि गळाची विद्या

कऱ्हाडाहून विट्याकडे जाणारा रस्ता सदाशिवगड मागे टाकून पूर्वेकडे सरकू लागला की पावसाचा हात आखडत जातो. कोयनेच्या माथ्यावर ज्या मेघांनी हजारो मिलिमीटर जल ओतले तेच मेघ काही कोसांच्या आत रिक्तहस्त होतात, आणि कडेगावच्या शिवारावर पोहोचेपर्यंत त्यांच्यापाशी वर्षाकाठी पाचसहाशे मिलिमीटरांहून अधिक देण्यासारखे सहसा काही उरत नाही. खटाव तालुक्यात उगम पावून वडुजावरून खाली उतरणारी, पुढे खानापूर आणि कडेगाव यांच्या मधून वाहणारी आणि शेवटी ब्रह्मनाळ येथे कृष्णेस मिळणारी येरळा ही या अवर्षणग्रस्त मुलखाची नदी. नांदणीसारखी उपनदी आणि यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाजवळचा, देवराष्ट्र्याचा सोनहिरा ओढा ही याच मुलखातली पाणी. आषाढ-श्रावणात ही नदी दरडी कोसळवीत धावते आणि फाल्गुन लागला की वाळूखाली नाहीशी होते. मात्र जेथे काळा पाषाण आडवा आला, जेथे प्रवाहाने वळण घेताना तळ खणून काढला, तेथे उन्हाळाभर डोह टिकून राहतात. मत्स्यविद्येचा इतिहास लिहावयास निघालेला मनुष्य कोकणाकडे जातो, फार तर कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर थांबतो; येरळेकडे कोणी वळत नाही. परंतु गळाने मासा धरण्याची विद्या समजून घ्यावयाची असेल तर अशाच कोरड्या मुलखातील नदीकडे गेले पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

याचे कारण उघड आहे. जाळे हे विपुलतेचे साधन होय. जेथे पाणी अमर्याद आणि मासळी थव्याथव्याने, तेथे जाळे टाकणाऱ्याला एकेका माशाचा स्वभाव जाणण्याची निकड नसते. उलट जो डोह वैशाखात एका वाड्याच्या चौकाएवढा उरला आहे, ज्याच्या तळाशी जाळे फाडणारे खडक आहेत आणि ज्यात पाचपंचवीस मोठे मासे पुढल्या पुराची वाट पाहत दडून बसले आहेत, त्या डोहात गळच चालतो. आणि गळ टाकणाऱ्याला मासा कोणत्या प्रहरी वर येतो, कोणत्या आमिषाला भुलतो, माणसाची सावली पाण्यावर पडली की किती वेळ बुजून राहतो, हे सारे ठाऊक असावे लागते.

या विद्येचा आपल्याकडील सर्वांत जुना आणि तपशीलवार ग्रंथाधार ज्या राजकुलाने दिला, त्याचा संबंध या प्रदेशाशी फार निकटचा आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहावा विक्रमादित्य याने कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येशी, चंद्रलेखेशी विवाह केला, ही कथा बिल्हणाने विस्ताराने वर्णिली आहे. आणि कडेगाव, पलूस व वाळवा या तालुक्यांच्या सीमेवरील सागरेश्वराच्या डोंगरात जो देवळांचा समूह आहे, तोही चालुक्यकालीन मानला जातो. या विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर ११२६ साली सिंहासनावर आला आणि सुमारे ११३० च्या आसपास त्याने ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा विश्वकोशासारखा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे पाच खंड, प्रत्येकात वीस अध्याय; आणि राजाच्या विनोदांना वाहिलेल्या चौथ्या खंडात गजविनोद, मल्लविनोद, श्येनविनोद यांच्या पंक्तीला ‘मत्स्यविनोद’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेसाठी गजानन श्रीगोंदेकरांनी या ग्रंथाचे संपादन केले, त्याचा पहिला भाग १९२५ साली आणि दुसरा १९३९ साली प्रसिद्ध झाला. आणि भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या अध्यायावर निबंध लिहून मत्स्यशास्त्रज्ञांचे लक्ष त्याकडे वेधले.

हा अध्याय वाचताना मनावर जो ठसा उमटतो तो राजविलासाचा नव्हे, निरीक्षणाचा. सोमेश्वर सुमारे ३५ प्रकारच्या माशांची नावे देतो. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, असे त्यांचे वर्ग पाडतो. कोणता मासा कोठे वास करतो हे सांगतो. आणि मग, ज्या गोष्टीला आजचा प्रत्येक गळकरी मान डोलावील अशी गोष्ट सांगतो, ती ही की माशांना आधी ठरलेल्या जागी खाद्य देऊन त्यांचा विश्वास संपादन केला पाहिजे. कोणाला तिळाच्या पिठाचे गोळे, कोणाला भाजलेल्या डाळीच्या पिठाचे, मांसभक्षकांना मांसाचे. ज्याचा जसा आहार तसे त्याचे आमिष. काठी, दोरी, गळ आणि त्याला लागलेल्या माशाला दमवून काठाशी आणण्याची रीत, असा सारा क्रम त्यात आहे. इंग्लंडात आयझाक वॉल्टनचा गळविद्येवरील सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ साली निघाला. त्याच्या पाच शतके आधी दख्खनच्या एका राजाने या विषयाला शास्त्राच्या पदवीस चढविले होते, ही गोष्ट महाराष्ट्रातील शालेय पुस्तकांत एका ओळीनेदेखील येऊ नये याचे मला मनापासून दुःख होते.

मात्र राजा हे सारे कोणापासून शिकला असेल? नदीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाचणाऱ्या धीवरांपासूनच, हे सांगावयास पुरावा लागत नाही. देशावर हे काम भोई समाजाकडे होते. मेणे-पालख्या वाहणे, पुराच्या दिवसांत तर चालविणे आणि उरलेल्या काळात मासे धरणे हा त्यांचा व्यवसाय. महसुलाची दप्तरे, इनामाच्या सनदा, वतनांचे तंटे यांनी आपली मध्ययुगीन कागदपत्रे ओसंडून वाहत असली तरी भोयाच्या गळाचा त्यांत मागमूस लागत नाही. कारण लेखणी ज्या कुळकर्ण्याच्या हाती होती त्याच्या पानावर मासा वाढला जात नव्हता, आणि ज्याच्या हाती गळ होता त्याला अक्षरांची ओळख कोणी करून दिली नव्हती. त्यामुळे बारावे शतक संपल्यापासून थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत या व्यवसायाचा इतिहास मुखावाटेच चालत राहिला. काडू म्हणजे गांडूळ कोणत्या माशाला, कणकेची गोळी कोणत्याला, मरळीला जिवंत बेडूक कसा लावावा, वाम कोणत्या कपारीत शिरते, आणि मृगाच्या सरी पडताच कृष्णेतून येरळेत वर चढणारे चढणीचे मासे कोणत्या उतारावर गाठावेत, हे ज्ञान बापाकडून लेकाकडे गेले, एवढेच आपण म्हणू शकतो.

ही मुखपरंपरा प्रथम कागदावर उतरली ती एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या हातून. विल्यम हेन्री साइक्स याची १८२४ साली मुंबई सरकारने दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीवर नेमणूक केली, आणि पुढील काही वर्षे हा मनुष्य जमाबंदी, पिके, हवामान, पशुपक्षी यांच्या नोंदी करीत दख्खनभर हिंडला. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे १८३८ साली आला आणि १८४१ मध्ये सचित्र प्रसिद्ध झाला. चाळीसहून अधिक जातींचे त्यात वर्णन आहे. आणि त्या जातींना नावे देताना साइक्सने ग्रीक-लॅटिन कोशांत न शोधता पुष्कळ ठिकाणी नदीकाठच्या लोकांच्या तोंडची नावेच उचलली. खुद्री, मसळा, कोळस, शिंगाळा, पोटील, टाकरी अशी भोई-कोळ्यांची मराठी नावे अशा रीतीने शास्त्राच्या पोथीत शिरली आणि आजही जगातील कोणत्याही संग्रहालयात दख्खनी महसीर मासा बरणीत ठेवलेला असला तर त्यावरील चिठ्ठीवर ‘खुद्री’ हेच नाव असते. नावे सांगणाऱ्या एकाही माणसाचे नाव मात्र साइक्सच्या नावाबरोबर टिकले नाही.

साइक्सनंतर जे साहेब आले त्यांना शास्त्रापेक्षा शिकारीची ओढ अधिक होती. दक्षिण कानड्याचा कलेक्टर हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळशिकारीवर आपला गाजलेला ग्रंथ मंगळूरला छापला, आणि १८८७ मध्ये तळ्यांतील गळविद्येवर आणखी एक. ‘फ्लाय’ म्हणून ज्या कृत्रिम माशीचा विलायती शिकाऱ्यांना अभिमान, तिची करामत थोडक्यात अशी: पिसे आणि रेशमी धागा आकड्यावर गुंडाळून एखाद्या जलकीटकाचा आभास निर्माण करावयाचा, आणि तिला स्वतःचे असे वजन नसल्याने जड दोरीला हवेत झोके देऊन त्या दोरीच्या वेगावर ती माशी दूर, पाण्याच्या पृष्ठावर अलगद उतरवावयाची. थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातील ट्राउट मासा अशा माशीवर झडप घालतो. आपल्या ओढ्यांतही पाण्यावर उडणारे कीटक टिपणारी, अंगावर ठिपके मिरविणारी एक लहानगी मासळी आहे, तिला इंग्रजांनी ‘डोंगरी ट्राउट’ म्हटले. आणि महसीर तर माशीही घेतो व चकाकणारा धातूचा चमचाही घेतो, इतकेच नव्हे तर लागल्यावर शेकडो हात दोरी ओढीत नेतो, म्हणून टॉमसादी मंडळींनी त्याला विलायतेच्या सॅमनहून वरचे स्थान दिले.

तरीही साहेबाचे मन ट्राउटसाठी झुरतच राहिले. निलगिरीवर त्याची अंडी आणून सोडण्याचे यत्न १८६३ पासून चालले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते फळास आले. काश्मिरात १९०० साली स्कॉटलंडहून आलेली अंडी जगली आणि तेथील नद्या ट्राउटच्या झाल्या. दख्खनच्या नद्यांना हा मान मिळणे शक्यच नव्हते. वीस अंशांवर पाणी तापले की जो मासा धापा टाकू लागतो त्याने येरळेच्या वैशाखात काय तग धरावा! याच काळात फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाने १८७३ साली गोड्या पाण्यातील मासेमारीवर सरकारला अहवाल दिला, आणि विष टाकून व सुरुंग लावून मासे मारण्यास मनाई करणारा कायदा १८९७ मध्ये झाला. उन्हाळी डोहात निवडुंगाचा चीक ओतला की सारा डोह एका दुपारी पोट वर करतो. जो डोह पुढील पावसाळ्याचे बीज राखणार तोच निर्बीज होतो. कायद्याने ही गोष्ट गुन्हा ठरविली, परंतु एकेका डोहावर पहारा कोण देणार?

डोहांवर खरा आघात मात्र विषाने केला नाही. १८६० नंतरच्या दशकांत, आणि विशेषेकरून १८७६-७७ च्या महादुष्काळाच्या आगेमागे, सातारा जिल्ह्यात पाटबंधाऱ्यांची कामे निघाली: कऱ्हाडजवळ खोडशीचा बंधारा घालून कृष्णेचा कालवा काढला गेला, येरळेवर कालवे आणि नेरचा तलाव झाला, मायणीचा जलाशय झाला, नांदणीवर चिखलीचा कालवा निघाला. अन्नान्न झालेल्या रयतेला त्या कामांनी जगविले, हे विसरून चालणार नाही, आणि त्या पाण्यावर ज्यांची पिके उभी राहिली त्यांच्यापुढे माशांची वकिली करण्याचा अधिकार मला नाही. तथापि चढणीच्या माशाला बंधारा म्हणजे भिंतच. कृष्णेतून वर येऊन येरळेच्या उथळ, ताज्या पुराच्या पाण्यात अंडी घालण्याचा ज्यांचा क्रम शतकानुशतके चालत आला होता, त्यांची वाट अशा बांधांनी आणि पुढे नदीभर झालेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने अडविली.

येथे दूरच्या एका नदीचे उदाहरण घेणे अप्रस्तुत होणार नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोलोरॅडो नदी तांबड्या पाषाणाच्या खोल घळीतून, वाळवंटातून वाहते. आपल्याकडे पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीने रांजणखळगे कोरून जी अरुंद घळ पाडली आहे तिचे शतपट विराट रूप मनात आणावे. मूळची ही नदी उन्हाळ्यात कोमट आणि गाळाने गढूळ असे, आणि त्या पाण्यातच वाढलेले, अन्यत्र कोठेही न आढळणारे मासे तीत होते. १९६३ साली ग्लेन कॅन्यनचे धरण पुरे झाले, जलाशयाच्या तळाकडचे आठ-दहा अंशांचे नितळ पाणी खाली सुटू लागले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यात ट्राउट सोडण्यात आला. वाळवंटाच्या घळीत जगप्रसिद्ध ट्राउट-नदी निर्माण झाली; देशोदेशीचे शिकारी माशी घेऊन लीज फेरीला येऊ लागले. परंतु तेथला मूळचा कुबडाचा चब मासा नामशेष होण्याच्या वाटेस लागला, आणि २००३ ते २००६ या काळात सरकारलाच आपण सोडलेला ट्राउट नदीच्या काही भागातून पकडून काढावा लागला. दुसऱ्या नदीचा मासा कितीही उमदा असला तरी पाहुणा आणि घरचा यांतील भेद नदी विसरत नाही.

आपणही याहून फार निराळे वागलो नाही. लोणावळ्याला वळवण येथे टाटा वीज कंपन्यांच्या तलावाकाठी डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी १९७० च्या सुमारास दख्खनी महसिराचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. नद्यांतून झपाट्याने नाहीशा होणाऱ्या या माशाची लक्षावधी पिले तेथे वाढली. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असे हे काम. पण त्याच पिलांपैकी काही दक्षिणेत कावेरीत सोडली गेली, तेथे त्यांचा विस्तार झाला, आणि कावेरीतील स्वतःचा महाकाय कुबडधारी महसीर मागे हटत गेला. २०१८ साली त्या कुबडधारी जातीची शास्त्रीय ओळख पक्की झाली तेव्हा ती अत्यंत संकटग्रस्त ठरली होती. हेतू निर्मळ होता, श्रम मोठे होते, आणि तरी नदी चुकली.

येरळेच्या बाबतीत पाहुण्यांची रांग आणखी लांब आहे. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे हिरालाल चौधरी यांनी कार्पवर्गीय माशांचे प्रेरित प्रजनन साधले, आणि तेव्हापासून कटला, रोहू, मृगळ यांचे बीज तलावा-तलावांतून सोडणे सुलभ झाले. सहकारी संस्था झाल्या, तलावांचे मक्ते निघू लागले, आणि दुष्काळी भागातील कित्येक भोई कुटुंबांना त्याने भाकरी दिली. १९५२ मध्ये परदेशातून आलेला तिलापिया, ज्याला आपल्याकडे सगळे चिलापी म्हणतात, तो मात्र कोणी न बोलावता प्रत्येक डबक्यात जाऊन बसला. आता टेंभू आणि ताकारी या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी चढवून कडेगावच्या माळावर आणले आहे. जेथे कुसळे उगवत तेथे ऊस उभा आहे, आणि कालव्याचे पाणी ओढ्या-नाल्यांतून नदीपात्रातही उतरते. पाणी आले, पण डोह गेले, असे विचित्र दृश्य यामुळे दिसते. कारण मधल्या काळात येरळेची वाळू गाडीगाडीने उपसली गेली. वाळू ही नदीची ओल धरून ठेवणारी गादी. ती निघाली की पूर थांबताच पात्र खडखडीत होते, आणि काठच्या विहिरी खोल जातात. हे प्रथम ओळखले ते शास्त्रज्ञांनी नव्हे, बलवडी आणि तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी. १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतून त्यांनी येरळेवर बळीराजा स्मृती धरण उभारले, तेव्हा आपल्या नदीच्या वाळूवर ठेकेदाराचा नव्हे, गावाचा हक्क आहे असे सरकारला सुनावून, तीच मर्यादित वाळू विकून त्यांनी त्या धरणासाठी पैसा उभा केला. मराठी मुलखातील नदीच्या इतिहासात या प्रसंगाला मी फार मोठे स्थान देतो.

डोह राखण्याची रीतही आपल्याला कोणाकडून उसनी आणावयाची नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या नावाने डोह राखला गेला आहे, तेथे महसिराला कोणी गळ लावीत नाही, आणि भाविक त्यांना हाताने खाद्य घालतात. वाड्याजवळ तिळशाला वैतरणेच्या डोहातही तसेच. देहूला इंद्रायणीच्या डोहातील मासेही असेच निर्भय होते, त्यांचा घास नदीत सोडलेल्या मैल्याने घेतला. देवाच्या नावाने राखलेला एक डोह वरच्या-खालच्या कित्येक कोसांच्या नदीला बीज पुरवितो, आणि त्याच्या बाहेर जो मासा येतो तो भोयाच्या गळाचा; सोमेश्वराने मासे धरण्याआधी त्यांना दिवसचे दिवस खाऊ घालण्यास सांगितले, त्याच्याशी ही रीत किती जुळते हे वाचकाच्या लक्षात येईलच.

म्हणून येरळाकाठच्या ग्रामसभांना एकच विनंती करावीशी वाटते. रामापुरापासून ब्रह्मनाळापर्यंत जी जी गावे नदीला लागून आहेत त्यांनी आपल्या शिवारातील एक डोह, फक्त एक, ठरावाने राखावा: त्यातील वाळूचा लिलाव होऊ देऊ नये, त्यावर मासेमारीचा मक्ता देऊ नये, त्यात चिलापी वा कटल्याचे बीज सोडू नये, आणि कालव्याचे पाणी सुटेल तेव्हा पहिला घोट त्या डोहाला मिळेल अशी व्यवस्था पाटबंधारे खात्याकडून लेखी करून घ्यावी. आणि तो डोह कोणता असावा हे ठरविताना गावातील जुन्या भोयाला आधी विचारावे.